उल्कावर्षाव : निरंक

बंगळुरू
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

फोनवर तीनदा सांगून झालं, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी 'उल्का' म्हटलं की तुम्ही 'कोण हलका झाला?' विचारता. 'यान' म्हटलं की 'मानेला काय झालं?' तुमच्या चिखलोलीच्या नव्या इमारतींत रेंजच नसावी.

तर काम असं. आमची कंपनी अंतराळवीरांच्या सरावाचं सॉफ्टवेअर बनवते. खरं यान कुठे जात नाही. खोलीत एक खुर्ची असते, समोर पडदे, आणि पडद्यांवर जे दिसतं ते आम्ही लिहिलेलं असतं. त्यातला उल्कावर्षाव माझ्याकडे आलाय. आईने तुम्हाला सांगितलं असेल की अस्मिता आकाशातून तारे पाडते. तसं काही नाही. यानाबाहेरून रव्याच्या कणाएवढे दगड भन्नाट वेगाने चाललेले असतात. एखादा पत्र्याला लागला की आत 'टक्' असा आवाज येतो. खुर्चीत बसलेल्याने तो कुठल्या बाजूला लागला ते ओळखून त्या बाजूचं बटण दाबायचं. दहा सेकंदांत दाबलं नाही तर अलार्म वाजतो. अलार्म मी मुद्दाम बारीक आणि टोकदार ठेवलाय, गोंगाटातही कानात घुसेल असा.

खऱ्या हिशेबाने दिवसचे दिवस काहीच लागत नाही. सरावासाठी वाढवून मी चार तासांत दोन-तीन 'टक्' ठेवलेत. आमचे राजेंद्र सर म्हणतात, एवढ्यात माणूस झोपेल. मी म्हणते, न झोपणं हाच तर सराव! ऑफिसातल्या पाच जणांना बसवून पाहिलं. सगळ्यांत चिवट निघाला तो बावीस मिनिटं टिकला, आणि त्यातही त्याने मोबाईलवरून बिर्याणी मागवली.

तुम्ही अंबरनाथ एमआयडीसीत एकतीस वर्षं कॉम्प्रेसर हाऊसच्या पॅनेलसमोर बसलात. माझ्यासाठी महिनाभर रोज चार तास बसाल? ११ डिसेंबरला एका प्रशिक्षण संस्थेचे लोक बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर काम आमचं. नाही पटलं तर माझा उल्कावर्षाव कचऱ्यात आणि मी पुन्हा पार्किंगच्या ॲपवर.

तुमची भाची,
अस्मिता


चिखलोली
६ नोव्हेंबर

चि. अस्मिता हिस आशीर्वाद.

मेल मिळाली. रेंज उत्तम आहे. हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात, तुझ्या मामीसकट. त्यामुळे यापुढे फोन नको, लिहूनच कळव.

काम स्वीकारलं. एकतीस वर्षं मी काहीही न घडण्याचा पगार घेतला. तुझ्या यानाला माझ्यापेक्षा लायक माणूस मिळायचा नाही.

हॉलमधला टीव्ही हलवून तिथे कॉम्प्युटर मांडलाय. खुर्ची उल्हासनगरहून आणली, टेम्पोच्या ड्रायव्हरची सीट आहे. तिला खालून लाकडी पाय मारून घेतले. स्पीकरही तिथूनच घेतले. दुकानदाराने विचारलं, "साईं, घर में लगाना है के मंडप में?" मी म्हटलं, "स्पेस में." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कापडी पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "फिर तो बड़ा लो." मोठे घेतले. आवाज पूर्ण ठेवलाय, कामात कसूर नको.

वेळ सकाळी नऊ ते एक. ह्या वेळेत मी घरी नाही असं समजायचं, असं मामीला सांगितलंय. ती म्हणाली, "मग भाजी कोण आणील?" यानातून भाजी आणता येत नाही हे तिला अजून पटलेलं नाही.

तुझा,
महिपती मामा


चिखलोली
१२ नोव्हेंबर

चि. अस्मिता,

दिनांक ७ ते १२ चा अहवाल :
टक् : निरंक.
अलार्म : निरंक.
डुलकी : निरंक.
चहा : दोन वेळा, खुर्चीतच.

विशेष काही नाही. कालपासून मामी रोज सकाळी साडेनऊला देवळात जाते आणि एक वाजताच परत येते. ह्या वयात देवाची ओढ लागतेच.

महिपती मामा


बंगळुरू
१३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सहा दिवसांत एकही नाही? हिशेबाने पंधरा तरी लागायला हवे होते. मी इथे भराभर चालवून पाहिलं तर लागतात. तुमच्या कॉम्प्युटरवर काहीतरी अडकतंय. तिथली नोंदीची फाइल पाठवलीत ती उघडून पाहिली, तीही कोरी आहे. म्हणजे तुमचं बरोबर आणि माझं चूक.

सोबत नवीन फाइल पाठवतेय. ह्यात दहापट केलंय. आता दर दहा मिनिटांनी एखादा तरी लागेलच.

अस्मिता


चिखलोली
२० नोव्हेंबर

चि. अस्मिता,

टक् : निरंक. अलार्म : निरंक.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडेही नवीन मशीन आलं की पहिले सहा महिने असंच असायचं.

इकडची खबर म्हणजे खालच्या मजल्यावरची विनिता ह्या आठवड्यात तीन वेळा वर येऊन गेली. दारात उभी राहून बराच वेळ हातवारे करत बोलली. नवी पिढी इतकी भरभर बोलते की निम्मं कळत नाही. तिला यानाचं फार कौतुक असावं. कान झाकून दाखवत होती, म्हणजे हेडफोन लावून बसा असं सुचवत असावी. मी म्हटलं, "नको, मोकळ्या कानाने बसायची सवय आहे." तिने कपाळाला हात लावून नमस्कार केला. पोरगी गुणी आहे.

कबुतरं मात्र गेली. बाल्कनीत तीस-चाळीस असायची, आता एक नाही.

महिपती मामा


बंगळुरू
२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मला रडू यायचं बाकी आहे. राजेंद्र सरांना सांगितलं की दहापट करूनही टेस्टरला काही लागत नाही. ते म्हणाले, "बघ, मी सांगत होतो, जरा धमाका ठेव." त्यांना उल्कावर्षाव म्हणजे लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ वाटते.

आता फक्त तुमच्या कॉम्प्युटरसाठी शंभरपट केलेली फाइल पाठवतेय. ह्यात सलग एक मिनिटही शांत जाणार नाही. तरी काही ऐकू आलं नाही, तर मी हा धंदा सोडते आणि बदलापूरला येऊन तुमच्या शेतावर भेंडी लावते.

अस्मिता


चिखलोली
३ डिसेंबर

चि. अस्मिता,

टक् : निरंक. अलार्म : निरंक.

भेंडीला हे दिवस बरे नाहीत. उन्हाळ्यात ये.

इकडे एक गंभीर प्रकार घडलाय. आमच्या बी विंगमध्ये कुणीतरी सकाळच्या वेळी कसलंसं यंत्र लावून ठेवतं, त्याच्या आवाजाने लोक हैराण झालेत. सोसायटीने नोटीस लावली, "संबंधितांनी त्वरित बंद करावे". संबंधित कोण ते लिहिलेलं नाही. लोकांच्यात हिंमत नाही. मी मीटिंगमध्ये उठलो आणि म्हणालो, "एकतीस वर्षं मशिनरीत काढली आहेत, मी शोधून देतो." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "महिपतीकाका, तुम्हीच शोधा." टाळ्या पडल्या. चौकशी समितीचा मी अध्यक्ष.

काल दुपारी दोन ते चार सेक्रेटरींना घेऊन सातही मजले फिरलो. प्रत्येक दाराला कान लावला. संपूर्ण शांतता. मी बाहेर पडलो की आवाज बंद होतो, म्हणजे चोर मला ओळखून आहे. सेक्रेटरी म्हणाले, "काका, सकाळी फिरू." मी म्हटलं, "सकाळी जमणार नाही, मी अंतराळात असतो."

महिपती मामा


चिखलोली
१० डिसेंबर, संध्याकाळ

अस्मिता बाळा मी गोदूमामी बोलतेय विनिताने मोबाईलचं माईकचं बटण दाबून दिलंय म्हणाली मावशी तुम्ही बोला तो लिहील मग मी पाठवते तर लिही रे बाबा अगं तुझं ते यंत्र बंद कर आधी सकाळी नऊला सुरू होतं ते एक वाजेपर्यंत पीं पीं पीं पीं पयल्यांदा दिवसातून दोनतीनदाच व्हायचं चार दिवस मला वाटलं शेजारच्यांचा कुकर असेल मग दर दहा मिनिटाला आणि आता तर थांबतच नाय बिल्डिंगमधली बाळं झोपत नाय मी रोज देवळात जाऊन बसते पुजारी म्हणतो मावशी तुम्हाला कसलं दुःख हाय काय सांगू त्याला

आणि हे समोर बसलेले असतात हात मांडीवर ठेवून तोंडावर अशी शांती की बघत राहावं मी ओरडून सांगितलं तर म्हणतात गोदू मी ड्युटीवर हाय नंतर बोल नको रे मेथी नको काल घेतलेली तशीच पडलीय हे तुला नाय गं भाजीवाल्याला बोलले

बाळा तुला खरं सांगू त्यांना ऐकू येत नाय बारीक आवाज तर अजिबात नाय दाराची बेल नाय कुकरची शिटी नाय जाड्या आवाजाचा पुरुषमाणूस बोलला तर थोडं कळतं आणि माझं तोंडाकडे बघून कळतं मी खाली बघून बोलले की कळत नाय म्हणून गेली तीन वर्षं मी जेवताना हातात घास धरून वर बघून बोलते आणि बोलणं झालं की खाते त्यांना हे कळलेलं नाय की मी असं करते सोसायटीतले पण सगळे जाणतात पण कुणी तोंडावर बोलत नाय त्यांना वाईट वाटेल म्हणून उलट अध्यक्ष केलं

मी सांगितलं हे त्यांना सांगू नको नाय तर सांग मला आता नाय जमत विनिता हे बंद कुठून करायचं गं


बंगळुरू
१२ डिसेंबर

प्रिय मामा (आणि मामी),

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. काल जे झालं ते आधी सांगते, मग माफी मागते.

तुमच्यासाठी केलेला शंभरपटीचा आकडा मी काढायला विसरले. दाखवायच्या दिवशीही तोच होता, वर तपासणीसाठी ठेवलेला भराभर वेगही तसाच राहिला होता. पाहुण्यांतला पहिला तरुण खुर्चीत बसला. मी सुरू केलं आणि पत्र्यावर कुणी पोतंभर वाटाणे ओतावेत तसा आवाज सुरू झाला. वर अलार्म. तो दोन्ही हातांनी बटणं दाबत होता, मग कोपरांनी दाबायला लागला, मग हेल्मेट काढून बाहेर आला. दुसऱ्या मुलीने खुर्चीच नाकारली. राजेंद्र सर आधी खूश होते, मग त्यांनीही कानात बोटं घातली. मी दारामागे उभी राहून पार्किंगच्या ॲपचा विचार करत होते.

तेवढ्यात त्यांचे मुख्य प्रशिक्षक शिवराम सर म्हणाले, "मी बसतो." निवृत्त हेलिकॉप्टर पायलट, वय साधारण तुमच्याएवढं. ते बसले. हात मांडीवर, नजर पडद्यावर, चेहरा शांत. आत भडिमार चालू आणि हा माणूस हलत नाही! काचेबाहेर सगळे मोबाईलवर शूटिंग करायला लागले. राजेंद्र सर माझ्या कानात म्हणाले, "ह्याला म्हणतात जिगर."

मला काही सुचेना म्हणून मी मोबाईल उघडला आणि मामीचा मेल वाचला, तोही खाली जोडलाय. वाचून वर पाहिलं. मामीने लिहिलं होतं तसाच चेहरा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता.

मी आत गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले, माझं तोंड दिसेल अशी, आणि सावकाश विचारलं, "सर, आवाज कसा वाटतो?"

ते म्हणाले, "ठीक. सुरू कधी करणार?"

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "किती वेळ वाजतोय?" म्हणाले. मी म्हटलं, "अकरा मिनिटं." मला वाटलं, आता उठून निघून जातील. मीही गप्प बसले असते तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि ते तसेच विमानतळावर गेले असते. पण ते बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मला हा अलार्म ऐकू आला नाही. एकही नाही. सारी नोकरी इंजिनाच्या आवाजात गेली. माझ्यासारखे अजून चारजण आमच्याकडे शिकवतात. हे आज कळलं ते बरं झालं, यानात कळण्यापेक्षा."

राजेंद्र सर ताबडतोब म्हणाले, "होय सर, त्यासाठीच मुद्दाम ठेवलं होतं."

तीन आठवड्यांची मुदत मिळालीय. अलार्म जाड आवाजाचा करायचा, सोबत दिवा लावायचा, आणि उल्का माझ्या मूळ हिशेबाने, चार तासांत दोन-तीनच. ते शिवराम सरांना पटलं.

मामा, तुम्ही महिनाभर 'निरंक' लिहीत होतात आणि मी प्रोग्राम दुरुस्त करत होते. माझ्या फाइलीत फक्त दाबलेल्या बटणांची नोंद व्हायची, लागलेल्या दगडांची नाही. दगड लागतच होते. फोनवर 'हलका' आणि 'मान' ऐकल्यावर मला एकदा तरी विचारायला हवं होतं. मी रेंजवर ढकलून मोकळी झाले.

अस्मिता


चिखलोली
१५ डिसेंबर

चि. अस्मिता,

१. स्पीकर खराब होते. परत केले.
२. मी बहिरा नाही.
३. यानाच्या पदाचा राजीनामा ह्या पत्राद्वारे देत आहे.
४. मामी तिच्या बहिणीकडे बदलापूरला गेली आहे. 'आता पत्रं लिहा' म्हणाली.

महिपती


बंगळुरू
२ जानेवारी २०२६

प्रिय मामा,

तुमचा राजीनामा मिळाला. मंजूर करायचा अधिकार माझ्याकडे नाही.

आज शिवराम सर पुन्हा आले होते. सव्वातीन तास काहीही झालं नाही. मग एक 'टक्' झाला आणि सरांनी उजवीकडचं बटण दाबलं, चार सेकंदांत. काम आम्हाला मिळालं. सरांनी आता दोन्ही कानांत मशीन बसवलंय. आमचा एसी किती घरघरतो ते भेटेल त्याला सांगत होते. राजेंद्र सरांना म्हणाले, "तुम्ही चहा पिताना फार आवाज करता."

नवी फाइल पाठवलीय. ह्यात लागलेल्या प्रत्येक दगडाची नोंद आपोआप होते, कुणी बटण दाबो न दाबो, आणि ती इथे माझ्याकडे येते. तुम्ही बसा किंवा नका बसू, खुर्ची तुमचीच.

मामा, एक विचारू? तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?

अस्मिता


चिखलोली
१८ जानेवारी

चि. अस्मिता हिस आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हे मामीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि तिलाही गेल्याच आठवड्यात सांगितलं.

नोकरीतली शेवटची चार-पाच वर्षं मी पाइपावर तळहात ठेवून काम केलं. कॉम्प्रेसर बिघडायला लागला की हाताला कळतं, कानाची गरज नसते. लोकांना वाटायचं, महिपती मशीनला आशीर्वाद देतो. मग एकदा पाइपाच्या जोडातलं गॅस्केट गेलं, दाबाखालची हवा शिट्टीसारखी सुटली आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा. मागून एका पोराने मला दंडाला धरून ओढलं. कुणाला काही झालं नाही. लॉगबुकात मी 'किरकोळ गळती' लिहिलं आणि महिनाभरात राजीनामा दिला. सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. माझे गुडघे उत्तम आहेत. तुझ्या आईलाही सांग, तिने पाठवलेलं तेल पडून आहे.

मामी गेल्यावर घरात चार दिवस एकटा जेवलो. तुझ्या मेलमधलं तिचं ते घासाचं वाचलं होतं. पाचव्या दिवशी बदलापूरला गेलो. ती अंगणात गवार मोडत बसली होती. मान वर न करता काहीतरी बोलली. मी म्हटलं, "गोदू, मला ऐकू आलं नाही." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. तिने गवार बाजूला ठेवली, वर पाहिलं आणि म्हणाली, "मी म्हटलं, चपला बाहेर काढा."

अंबरनाथला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला एका बंद पेटीत खुर्चीवर बसवलं, हातात बटण दिलं आणि म्हणाले, "आवाज आला की दाबा." मी म्हटलं, "मला ह्याचा महिन्याभराचा अनुभव आहे." चौदा वेळा दाबलं. बाहेर आल्यावर कळलं, आवाज चाळीसच्या वर आले होते. मामीने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांना वाटलं ती रडतेय. ती हसत होती. नंतर रिक्षात रडली.

मशीन आठ दिवसांपासून कानात आहे. माझ्या चपला वाजतात. पंखा वाजतो. विनिता भरभर बोलत नाही, नीट बोलते, आणि ती तेव्हा वर येऊन काय म्हणत होती तेही तिने पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. मामी स्वयंपाकघरात दिवसभर माझ्याविषयी पुटपुटत असते हेही आता समजलंय. तिला सवय लागलीय, एकदम थांबवता येत नाही.

चौकशी समितीचा अहवाल सोसायटीला दिला. "यंत्र बी विंग, पाचवा मजला येथे सापडले. संबंधिताने चूक कबूल केली असून अध्यक्षांनी त्यास समज दिली आहे." खाली संबंधित म्हणून मी सही केली आणि अध्यक्ष म्हणूनही मीच. सेक्रेटरींनी तो लिफ्टमध्ये लावलाय.

आज सकाळी नऊला नव्या फाइलवर बसलो. स्पीकर साधे, आवाज बेताचा. नऊ, दहा, अकरा, काही नाही. मामी शेजारी स्टुलावर येऊन बसली, मटार सोलायला. साडेअकराला म्हणाली, "ह्यात माणसं काय करतात?" मी म्हटलं, "वाट बघतात." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." बारा वाजले. मग साधारण सव्वाबाराला, डावीकडे, जरा मागच्या अंगाला, टक् झालं.

मामीने सोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. "आलं काय ऐकू?" ती म्हणाली. मी मान हलवली. दोघंही तसेच बसून राहिलो. मग तुझा अलार्म वाजला, दिवा लागला, तेव्हा कुठे आठवलं.

तर तुझ्याकडे नोंद अशी आली असेल : 'डावी बाजू, मार लागला, प्रतिसाद नाही.' ती दुरुस्त करून घे. प्रतिसाद होता. बटण तेवढं दाबायचं राहिलं.

तुझा,
महिपती मामा